अलास्कातली सॅल्मन हॅचरी चालवायची तर आधी नदीतले मासे मोजा

हॅचरीत, म्हणजे सॅल्मन माशांची अंडी उबवून पिल्लं समुद्रात सोडणाऱ्या केंद्रात, नवीन आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, यंदा पिल्लं किती सोडायची? मी त्याला विचारते, अंडी घालायला समुद्रातून नदीत मासे किती चढले? माझी उमेदीची सगळी वर्षं अंड्यांच्या खोलीत गेली, तरी सांगते: रानटी मासा नीट सांभाळला नाही, तर हॅचरी कितीही मोठी केली तरी मासेमारी टिकत नाही.

म्हणून सुरुवात मोजणीपासून. अंडी घालायला नदीत किती मासे पोहोचायला हवेत, याची किमान आणि कमाल मर्यादा ठरलेली असते. कमी पोहोचले तर पुढच्या पिढीत मासे कमी होतात. सॉकाय या जातीच्या सॅल्मनची पिल्लं तळ्यात वाढतात; तिथे फारच जास्त मासे पोहोचले, तर पिल्लांना प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पुरत नाहीत. अलास्कातल्याच ब्रिस्टल बे या उपसागरात हॅचरी नाही, तरी मोजणी शिकायची तर तिथेच शिकावी. पाणी स्वच्छ असलेल्या नद्यांच्या काठावर मनोरे आहेत. दर तासाला दहा मिनिटं एका काठाचे मासे मोजायचे, मग दुसऱ्या काठाचे, आणि आकड्याला सहाने गुणायचं. गढूळ नदीत सोनार (ध्वनिलहरींनी मासे टिपणारं यंत्र) लावतात, लहान ओढ्यांवर कुंपण घालतात किंवा विमानातून पाहणी करतात.

हंगामाआधीचा अंदाज बोटी आणि बर्फ तयार ठेवण्यापुरता वापरा. जाळी कधी टाकायची हे रोजच्या मोजणीवर ठरवा. मत्स्य विभागाचा स्थानिक व्यवस्थापक तातडीचा आदेश काढून मासेमारी उघडतो किंवा बंद करतो, आणि हा अधिकारच या व्यवस्थेचा कणा आहे. एक पथ्य मात्र पाळा: सगळी पकड हंगामाच्या एकाच टप्प्यावर येऊ देऊ नका. लवकर येणारे आणि उशिरा येणारे मासे वेगळे असतात, आणि एक टप्पा उपसला की तो परत भरायला पिढ्या लागतात.

आता हॅचरी. १९७३ आणि १९७४ साली राज्यातली पकड सुमारे २.२ कोटी माशांवर घसरली होती. त्याच काळात मासेमारीच्या परवान्यांची संख्या मर्यादित झाली आणि १९७४ च्या कायद्याने ना-नफा हॅचऱ्यांना वाट मिळाली. माशांची बंदिस्त शेती इथे १९९० पासून बंद आहे. म्हणजे आपण अंड्यापासून पिल्लापर्यंतच सांभाळायचं, पुढे मासा समुद्रात स्वतः वाढतो.

प्रजनक मासे स्थानिक वाणाचेच घ्या आणि पूर्ण हंगामभर थोडे थोडे घ्या. पहिल्या आठवड्यात बादल्या भरून मोकळं होण्याचा मोह आवरा. अंडी काढताना बादली, हात, माशाचं पोट, सगळं कोरडं हवं. नराचं वीर्य पाणी लागताच जागं होतं आणि मिनिटभरात निकामी होतं, म्हणून आधी वीर्य अंड्यांत मिसळा, मग पाणी घाला. रक्त आणि फुटलेली अंडी बादलीत जाऊ देऊ नका. नंतर अंडी धुऊन, आयोडोफोरने (आयोडीनच्या जंतुनाशकाने) निर्जंतुक करून ट्रेमध्ये ठेवा. सॉकाय असेल तर विषाणूमुक्त पाणी हवं आणि प्रत्येक गटाची अंडी वेगळी हवीत. आयएचएन हा सॅल्मनच्या पिल्लांना मारणारा विषाणू एका गटातून दुसऱ्यात शिरला तर तो हंगाम गेलाच समजा.

पाणी पिऊन अंडी टणक झाली की आतल्या गर्भाचे डोळे दिसेपर्यंत त्यांना हलवायचं नाही. या काळात साधा धक्काही गर्भ मारतो. दिवस मोजू नका, पाण्याचं रोजचं तापमान बेरजेत धरा: साधारण २५० अंश-दिवस झाले की डोळे दिसतात. पाणी ५ अंश असेल तर त्याला पन्नासएक दिवस लागतात. आता गर्भ धक्का सोसतो, म्हणून अंडी मुद्दाम उंचावरून ओता. मेलेली पांढरी पडतात, ती काढून टाका, नाहीतर बुरशी धरते.

याच टप्प्यावर मला सगळ्यात आवडणारं काम येतं. पाण्याचं तापमान ठरवून वर-खाली केलं की पिल्लाच्या कानातल्या खड्यावर (हाडासारख्या बारीक कणावर) वलयं उमटतात. लाखो पिल्लांवर एकाही माशाला हात न लावता खूण होते, आणि ती मरेपर्यंत टिकते.

वसंतात पिल्लं समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात थोडे दिवस खायला घालून वाढवा. सोडायची तारीख कॅलेंडर पाहून ठरवू नका, प्लवकाच्या नमुन्यावरून ठरवा. समुद्रात खाणं नसताना सोडलेलं पिल्लू वाचत नाही.

मासे परतले की पकडीतले खडे प्रयोगशाळेत पाठवा. त्यावरून जाळ्यात रानटी किती आणि हॅचरीचे किती ते कळतं. रानटी जास्त दिसले, तर हॅचरीचे मासे शेजारी थांबलेले असूनही मासेमारी थोपवायला हवी. खर्चवसुलीसाठीची, म्हणजे हॅचरीने आपला खर्च भागवायला विकायची, पकडही हॅचरीजवळच्या ठरलेल्या पट्ट्यातच करा.

शेवटचं काम कुणालाच आवडत नाही, पण ते टाळू नका. पावसाळी थंडीत आसपासच्या ओढ्यांतून चालत मेलेल्या माशांचे खडे गोळा करा. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीतल्या दोन ओढ्यांच्या अभ्यासात, भरकटून आलेल्या हॅचरीच्या गुलाबी सॅल्मनला (ही सॅल्मनची एक जात) रानटी माशांपेक्षा कमी संतती झाल्याचं आढळलं आहे. तुमच्या ओढ्यात असे परके मासे वाढत असतील, तर हॅचरीच्या पुढच्या परवान्यात अंड्यांचा आकडा वाढवायला विरोध करा. हॅचरीच्या मंडळावर बसलेल्या मच्छीमारांना ते रुचणार नाही. त्यांच्यासमोर खड्यांचे आकडे ओढ्यानुसार मांडा.