रॅम वाढवल्यावर कॉम्प्युटर मध्येच बंद पडतोय? दोष असा शोधा

कालपर्यंत कॉम्प्युटर सुरळीत होता. रॅमची एक स्टिक वाढवली आणि आता कधी निळी स्क्रीन येते, कधी तो न सांगता रिस्टार्ट होतो. अशा वेळी लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नका. मी एकदा तसं करून अख्खा रविवार घालवला होता. नंतर कळलं, दोन्ही स्टिक चांगल्या होत्या, फक्त त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं.

आधी निळ्या स्क्रीनवरचा मजकूर मोबाइलवर टिपून ठेवा. दर वेळी वेगळाच एरर येत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. दर वेळी एकाच ड्रायव्हर फाइलचं नाव दिसत असेल, तर आधी तो ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तपासा.

आता बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये जा आणि एक्सएमपी हे रॅमचा वेग वाढवणारं तयार प्रोफाइल बंद करा (एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर त्याचं नाव बहुधा एक्स्पो; डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या). खोक्यावर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम मुळात त्याहून कमी वेगाने सुरू होते. पुढचा वेग हे प्रोफाइल देतं आणि त्यासाठी व्होल्टेजही १.२ वरून साधारण १.३५ वर नेतं. हा ताण प्रत्येक प्रोसेसरला आणि बोर्डला झेपतोच असं नाही. प्रोफाइल बंद केल्यावर त्रास थांबला, तर अर्धं काम झालं. मग वेग एकेक पायरी वाढवत बघा.

तरीही बंद पडत असेल, तर झाकण उघडावं लागेल. पॉवरची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. एकच स्टिक ठेवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये (बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा). काही बोर्डवर खटका एकाच बाजूला असतो. त्यामुळे दुसरी बाजू किंचित वर राहिली तरी लक्षात येत नाही. तीही दाबून बसवा.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चालते, पण माझा भरवसा मेमटेस्टवर जास्त. काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपावं. एक जरी एरर आला तरी ती स्टिक नापास. मात्र ती दुसऱ्या स्लॉटमध्येही नापास होते का, हे बघितल्याशिवाय तिला दोष देऊ नका. स्लॉटही खराब असू शकतो.

दोन्ही एकेकट्या पास आणि जोडीने नापास? मग प्रश्न जुळण्याचाच आहे. मॉडेल नंबर एकच असला तरी वेगवेगळ्या वेळी बनलेल्या स्टिकमध्ये चिप वेगळ्या असू शकतात. दोन्ही कमी वेगावर चालवून बघा. नाहीच जमलं, तर एकाच खोक्यातून आलेली जोडी घ्या, तीही बोर्डच्या कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीतली. डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्यास वेग बराच उतरवावा लागतो, म्हणून दोन मोठ्या घेणं बरं. नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. तेव्हा घाबरून पॉवर बंद करू नका.

बायोस अपडेटनेही अनेकदा जुळतं. पण ते मेमटेस्टमध्ये पास झालेली एकच स्टिक लावून, एक्सएमपी बंद ठेवूनच करा. अपडेट चालू असताना कॉम्प्युटर अडकला, तर बोर्डच निकामी होऊ शकतो.