प्रागला पायी फिरायचंय? आधी वार बघा

तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर उघडा आणि शनिवार कुठे पडतोय ते बघा. प्रागचं ज्यू संग्रहालय, म्हणजे योसेफोव्ह या ज्यू वस्तीतली जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी, शनिवारी बंद असतं. मागच्या खेपेला हे न बघितल्यामुळे आम्हाला दफनभूमीची फक्त बाहेरची भिंत दिसली. ज्यू सणांनाही बंद असतं, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी तारखा नक्की तपासाव्यात.

हे संग्रहालय मात्र चुकवू नका. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियाच्या (आजच्या चेक देशातले प्रांत) सुमारे ८०,००० ज्यूंची नावं लिहिलेली आहेत. शेजारच्या दफनभूमीतला सर्वांत जुना दगड १४३९ चा. जागा वाढवता येईना, म्हणून माती टाकून थरावर थर पुरत गेले, आणि वर दगडांची दाटी झाली. इथे घाई करायची नाही, अर्धा दिवस मोकळा ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी घ्यावी.

बऱ्याच जणांचा बेत शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी निघायचा असतो. मग योसेफोव्ह रविवारी सकाळीच. शनिवारी नाही! हे जमूनही येतं, कारण प्राग किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतरच सोडतात. योसेफोव्हहून मेट्रोने एक स्टेशन मालोस्त्रान्स्का, तिथून २२ नंबरची ट्राम किल्ल्यापाशी. वर ट्रामने जा, उतरताना नेरुदोवा रस्त्याने चाला. उलटं केलंत तर गुडघे बोलायला लागतील.

बूट जुने, पायाला सरावलेले. रस्ते दगडी आहेत आणि पावसात निसरडे होतात. छत्री, पाण्याची बाटली घ्यालच. युरो नाही, चेक कोरुना चालतात. रस्त्यात पैसे बदलून देणाऱ्या माणसाकडे वळूनही बघू नका, बँकेच्या एटीएममधून काढा. ट्रामचं कागदी तिकीट पहिल्यांदा चढताना पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारा. शिक्का नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड.

शनिवारी चार्ल्स पूल उजाडतानाच गाठा. १३५७ मध्ये काम सुरू झालेला हा पूल ५१६ मीटर लांब आहे, आणि दहा वाजल्यानंतर तिथे माणसांच्या पाठीच दिसतात. संत जॉन नेपोमुकचा पुतळा १६८३ चा, पुलावरचा सर्वांत जुना, तो शोधा. मग जुन्या चौकातलं १४१० चं घड्याळ, ठोक्याच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, पाकीट पुढच्या खिशात. जेवण चौकात नको, दोन गल्ल्या आत. दुपारी मेट्रोच्या सी मार्गाने विशेह्राद हा दुसरा जुना किल्ला: संगीतकार ड्वोर्झाक आणि स्मेटाना यांच्या कबरी, आणि तटावरून खाली व्ल्टावा नदी. तिथली दफनभूमी शनिवारी उघडी असते.