विजेचा फोटो ढगाखाली मिळत नाही

पहिला हंगाम मी ढगांच्या मागे धावण्यात घालवला आणि दर वेळी नेमका पावसात सापडलो. समोर सगळं पांढरट, वायपर चालू, वीज कडाडतेय पण दिसत मात्र काहीच नाही. आता मी वादळापासून २०-२५ किलोमीटर लांब थांबतो. तिथून ३५ एमएमच्या लेन्समध्ये अख्खा ढग मावतो, आणि पाऊसही मध्ये येत नाही.

सकाळी फक्त बॅटऱ्या चार्ज करा आणि कार्डं रिकामी करा. खरं काम दुपारी. उपग्रहाची चित्रं आणि रडार दर दहा मिनिटांनी बघा. ढग कुठे आहे यापेक्षा तो कुठे सरकतोय हे महत्त्वाचं. मग मान वर करा. फुलकोबीसारखा, कोरीव कडांचा ढग म्हणजे तो अजून वाढतोय. आत बर्फाचे स्फटिक आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात, त्यातूनच विद्युतभार वेगळे होतात. माथा पसरून ऐरणीसारखा चपटा झाला की कॅमेरा बाहेर काढा. उभं राहायचं ते ढगाच्या वाटेतून बाजूला, आणि गाडीचं तोंड परतीच्या रस्त्याकडे करून.

अंधार पडल्यावर ट्रायपॉड, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १५ ते २० सेकंद. वीज फार लांब असेल तर एफ ५.६, जवळ आली तर एफ ११. नवखे इथे शटरशी झटापट करत बसतात. वीज क्षणार्धात चमकून जाते. शटर दहा सेकंद उघडं असो की तीस, तिचा उजेड तेवढाच येतो. तो कमीजास्त करायचा तर अ‍ॅपर्चर नाहीतर आयएसओ बदला. शटरने फक्त आकाश आणि जमीन उजळते. रिमोटचं बटण अडकवून ठेवा आणि फोटो सलग निघू द्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरच्या फोटोतले दाणे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो, आणि सगळ्यात सुंदर वीज नेमकी तेव्हाच पडते.

फोकस मॅन्युअल. लांबचा एखादा दिवा स्क्रीनवर मोठा करून तो टिंबाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. ही चिकटपट्टी न लावणं मला महाग पडलं आहे. एका रात्री कॅमेरा सरकवताना रिंगला धक्का लागला, आणि दीडशे फोटोंत विजेच्या जागी कापसाच्या वाती आल्या. दुसरी खोड लेन्सची: गाडीतल्या एसीतून एकदम दमट हवेत काढली की काच धुरकटते. तासभर आधी एसी बंद करा. घाम येईल, येऊ द्या.

दिवसा लाइटनिंग ट्रिगर लागतो, म्हणजे वीज चमकताच शटर उघडणारं उपकरण. एका विजेत बहुधा तीन-चार झटके असतात, म्हणून ती डोळ्यांना थरथरताना दिसते. पहिला झटका ट्रिगरला जागं करतो, कॅमेऱ्याला पुढचे मिळतात. एकाच झटक्याची वीज हुकते, त्याला इलाज नाही.

आता ज्यावर मी कुणाशी वाद घालत नाही ते. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. पण ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर भागाकार करत बसू नका. ट्रायपॉड आहे तिथे सोडा आणि गाडीत शिरा, काचा वर. वाचवतं ते गाडीचं धातूचं कवच, टायर नव्हेत. वीज त्या कवचातूनच वाहून जाते, म्हणून दाराच्या धातूला हात टेकू नका. उघडी जीप किंवा झाडाचा आडोसा काही कामाचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच बसायचं.

त्या अर्ध्या तासात मी फोटो चाळत नाही, बॅटरी संपते. घरी गेल्यावर चांगल्या चार-पाच फ्रेम एकावर एक ठेवून 'लायटन' मोडमध्ये (जिथे प्रत्येक ठिकाणचा उजळ भागच राहतो) मिसळतो. ट्रायपॉड जागचा हलला नसेल तरच जमतं, आणि पळताना तो बाहेर सोडलेलाच असतो.