गिझर गळायला लागला तर आधी कुठून गळतोय ते बघा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरचा गिझर गळायला लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं, न्हाणीत टप टप चालू, आणि प्लंबर फोन उचलेना. उचलणार कसा, तो पण आपल्या गावी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट) बांधत असणार. चार दिवस भाणात (न्हाणीतल्या मोठ्या भांड्यात) पाणी तापवून आंघोळी केल्या आणि त्या निमित्ताने गिझर बराच समजला, म्हणून लिहितोय. (आमच्याकडे म्हातारी माणसं याला अजून बॉयलर म्हणतात, वस्तू तीच.)

गळतंय दिसलं की पहिली वीज बंद. नुसतं बटन नाही, एमसीबी (बोर्डातला मोठा खटका) खाली पाडा, कारण जुन्या घरांत वायरिंग कोणी कसं केलंय देव जाणे, बटन बंद असलं तरी आत करंट असू शकतो. पायात रबरी चप्पल घाला आणि पाणी बोर्डापर्यंत पोचलं असेल तर बोर्डाला हात न लावता घराचा मेनस्विच पाडा. मग निळ्या खुणेच्या म्हणजे थंड पाण्याच्या पाइपवरचा अँगल कॉक बंद करायचा. तो वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो त्यामुळे जाम असतो, पाना लावून जोर काढलात तर मोडून हातात येईल, त्यापेक्षा वर जाऊन घराच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा म्हणजे आतला दाब उतरतो. पण सांभाळून, आतलं पाणी कित्येक तास कढत राहतं.

आता खरं काम. गिझर थंड झाला की सगळा कोरडा पुसून घ्या, प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा, नळ बंद करून कॉक परत उघडा (वीज बंदच ठेवायची) आणि अर्धा तास थांबा. पाणी वरून ओघळत येऊन भलत्याच ठिकाणी थेंब धरतं, नुसतं बघून कळत नाही, पण कुठला कागद आधी भिजला ते कळतं. आमच्याकडे सगळे म्हणत होते टाकी गेली, नवीन घ्या, आणि भिजला कुठला तर लाल पाइपच्या नटाचा कागद. आतला रबरी वॉशर कडक होऊन पापडासारखा तडकला होता. हार्डवेअरच्या दुकानात तो चिल्लर पैशात मिळतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येत असतील तर लगेच घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरच्या टाकीत २५ डिग्रीचं पाणी ७५ ला नेलं तर साधारण ३४० मिली जादा होतं, ते नॉनरिटर्नमुळे (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) मागे जाऊ शकत नाही मग व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तापतानाच ठिबकत असेल तर ठीक. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे नाहीतर लाइनला प्रेशर जास्त आहे. आणि एक गोष्ट नीट कान देऊन ऐका, त्या व्हॉल्व्हला प्लग मारू देऊ नका. आमच्याकडे एका मेकॅनिकने आधी हेच केलं होतं, "आता गळणार नाही पात्रांव (मालक)" म्हणून पैसे घेऊन गेला. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडतो तो भाग) अडकला असता तर टाकी फुटू शकली असती.

खालच्या झाकणातून, म्हणजे वायरी जातात तिथून पाणी येत असेल किंवा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडत असेल, तर गॅस्केट (झाकणाचं रबर) किंवा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलंय. तिथे आपण हात घालायचा नाही, मेकॅनिकलाच बोलवा. आणि सगळे जॉइंट कोरडे असून पत्र्याच्या आतून तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकी सडली, तिला वेल्डिंग वगैरे होत नाही, नवाच गिझर. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीच्या आधी ती झिजते, आणि समुद्राकडच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात तर फार लवकर. ओपाचं, म्हणजे सरकारी नळाचं पाणी असलं तरी २-३ वर्षांनी उघडून बघायला सांगा, आमची काडीएवढी उरली होती.

मेकॅनिक बोलवायच्या आधी वॉरंटी कार्ड शोधा, टाकीची वॉरंटी बाकीच्या पार्टपेक्षा बरेचदा जास्त असते. कस्टमर केअरचा नंबर कार्डावरचाच घ्या, गुगलवर खोटे नंबर भरपूर आहेत. फोनवर "गिझर गळतोय" एवढंच सांगू नका, कुठून गळतोय, किती लिटरचा, कुठलं मॉडेल ते सांगा, म्हणजे तो बरोबर पार्ट घेऊन येईल, नाहीतर नुसती चक्कर आणि व्हिजिट चार्ज. रेट आधी विचारा, बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

काम झालं की लगेच स्विच दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ उघडून टाकी भरू द्या, हवा फसफसत निघून धार सलग झाली की मगच वीज, नाहीतर कोरड्या टाकीत नवीन एलिमेंट पहिल्याच दिवशी जळतं. पहिल्या रात्री गिझरखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर मेकॅनिक अजून फोन उचलतोय तोवर लावा.