आपल्यासारख्यांचं म्हातारपण: शुद्धीत असताना काय काय लिहून ठेवायचं

माझ्या एका मित्राचा पार्टनर रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडला, अॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना होता आणि तिथं ह्यानं घाबरून 'मित्र' लिहिलं. झालं. एकवीस वर्षं एका घरात राहिलेला माणूस बाहेरच्या बाकड्यावर आणि आत सही करायला कोण, तर दहा वर्षांत एक फोन न केलेला पुतण्या. पार्टनर वाचला, आता बराय, पण त्यानंतर आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या चारपाच जणांनी बसून कागदपत्रं केली, त्यातून जे कळलं ते आपल्या गे, लेस्बियन, ट्रान्स मंडळींसाठी लिहितोय. कायदे प्रत्येक देशात वेगळे असतात, त्यामुळे शेवटी आपापल्या वकिलाला विचाराच.

सगळ्यात आधी, तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचं कोण ठरवणार त्याचं नाव कागदावर आणा. लग्न झालेल्यांना हे बहुतेक वेळा न मागता मिळतं, आपल्याला मिळेलच असं नाही. आणि त्या माणसाला नुसतं नाव घातलंय म्हणून सांगू नका, व्हेंटिलेटर हवा की नको, किती दिवस, कोणाला आत सोडायचं, कोणाला अजिबात नाही, हे एकदा समोर बसून बोला. अवघड जातं. आम्ही दोघांनी तीन वेळा विषय काढला आणि तिन्ही वेळा टीव्ही लावला.

पैशाच्या व्यवहारांसाठी पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीनं सह्या करायचं अधिकारपत्र, करताना एक मोठी गोची असते. साधी पॉवर ऑफ अॅटर्नी बऱ्याच देशांत माणसाचं भान गेलं की संपते, म्हणजे नेमकी लागते तेव्हाच निकामी. भान गेल्यावरही चालणारा प्रकार वेगळा असतो, अमेरिकेत त्याला ड्युरेबल म्हणतात, इंग्लंडमध्ये लास्टिंग. तुमच्याकडे तसं काही मिळतं का ते वकिलाला स्पष्ट विचारा. मृत्यूनंतर मात्र दोन्ही संपतात, तिथून पुढे मृत्युपत्रच.

मृत्युपत्र नसेल तर कायदा रक्ताचे नातेवाईक शोधत जातो आणि त्यात पार्टनर कुठेच नसू शकतो. लग्न केलं म्हणून सुटलो असंही नाही. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर चाळीसहून जास्त वर्षं एकत्र होत्या, २००७ मध्ये त्यांनी कॅनडात लग्न केलं, २००९ मध्ये थिया गेल्या आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारनं एडिथना पत्नी न मानता वारसा कराचं ३,६३,०५३ डॉलरचं बिल लावलं. नवरा असता तर शून्य. त्या लढल्या आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या, पण तेव्हा त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या. प्रत्येकाच्या अंगात एवढी ताकद असते का हो? तेव्हा मृत्युपत्र कराच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका. तुम्ही शुद्धीत होतात असं डॉक्टरचं पत्रही जोडा, कारण भांडायला येणारे नेमकं हेच म्हणतात की म्हाताऱ्याला भुलवलं.

आता डॉक्टर. आज जे सत्तरीत आहेत ते तरुण होते तेव्हा आपण अधिकृतपणे आजारी होतो, जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये. त्यामुळे डॉक्टरसमोर तोंड मिटून बसायची सवय हाडात गेलीय, पण म्हातारपणी ती महागात पडते. साधा नियम म्हणजे जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी करायची, कागदावर लिंग काहीही असो. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयाचं मुख असेल तर त्याचं स्क्रीनिंग लागतंच. ट्रान्स स्त्रीची सर्जरी झाली असली तरी प्रोस्टेट ग्रंथी सहसा तशीच ठेवतात आणि इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचा, आकडा कमी दिसतो, हे डॉक्टरला माहीत नसेल तर रिपोर्ट बघून तो खूश होईल आणि तुम्ही फसाल. वय वाढलं की इस्ट्रोजेनच्या गोळीऐवजी पॅच घ्यायचा का तेही विचारा, पॅचनं रक्ताच्या गाठींचा धोका कमी असतो. लेस्बियन बायकांना 'तुम्हाला गर्भाशयाच्या मुखाच्या स्क्रीनिंगची गरज नाही' म्हणून परत पाठवतात ते चुकीचंय, त्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू बाईकडून बाईलाही होतो. एचआयव्हीची गोळी चालू असेल तर कोलेस्टेरॉलचं औषध लिहून देणाऱ्याला ते आधी सांगा, काही जोड्या एकत्र चालत नाहीत.

एचआयव्हीवरून आठवलं, १९९६ च्या आसपास नवी औषधं येण्याआधी ज्यांना 'थोडी वर्षं उरलीत' असं सांगितलं गेलं होतं त्यांच्यातल्या कित्येकांनी पैसे साठवलेच नाहीत, कशाला साठवतील? ते आज पासष्टीचे आहेत. उशीर झालाय म्हणून लाज वाटून घेऊ नका, हिशोब मांडा.

घरी केअरटेकर येणार म्हटलं की आपल्यातले बरेच जण आदल्या रात्री घर 'आवरतात', म्हणजे दोघांचा फोटो ड्रॉवरमध्ये जातो आणि दुसऱ्या खोलीतला पलंग वापरातला वाटावा म्हणून त्यावर चादर. आयुष्यभर धडपड करून बाहेर आलेला माणूस स्वतःच्याच बेडरूममध्ये परत लपतो. माझं मत विचाराल तर फोटो भिंतीवरच ठेवा आणि पहिल्याच दिवशी एजन्सीला सांगा, त्यांना चालत नसेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं. पण जिथे हे सांगण्यात खरोखर धोका आहे तिथे फोटो भिंतीवरून उतरवणं म्हणजे शहाणपण आहे, कोणी तुम्हाला भित्रा म्हणू नये.

ट्रान्स माणसांनी तर याहून बारीक लिहून ठेवायला हवं. कुठलं नाव, कुठले कपडे, आणि 'ती आली' म्हणायचं की 'तो आला', कारण आपल्या भाषेत क्रियापदच चुगली करतं. ट्रान्स स्त्रीला रोज दाढी करून लागत असेल आणि हात थरथरायला लागले असतील तर 'सकाळी चहाच्या आधी दाढी, कोणी भेटायला यायच्या आधी नक्की' असं एक वाक्य लिहा. नर्सला हे सुचणार नाही, वाईट हेतूनं नाही, सुचतच नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, माणूस आपण ट्रान्स आहोत हे कोणाकोणाला सांगितलंय तेच विसरू शकतो, तेव्हा हे कागदच तुमच्या वतीनं बोलतील.

वृद्धाश्रम बघताना 'सगळ्यांना समान वागणूक' हे उत्तर ऐकून उठू नका. आम्हाला दोघांना एक खोली मिळेल का, दुसऱ्या रहिवाशानं शिवी दिली तर तुम्ही काय करता, स्टाफचं ट्रेनिंग शेवटचं कधी झालं, असं नेमकं विचारा. नेदरलँड्समध्ये अशी तपासणी करून रोझे लोपर, म्हणजे गुलाबी पायघडी, नावाचं प्रमाणपत्र देतात, बर्लिनमध्ये २०१२ पासून लेबेन्सऑर्ट फिल्फाल्ट नावाचं आपल्या लोकांचं घरच आहे. सगळीकडे असं नाही.

त्यामुळे माणसं जोडा, आणि सगळी आपल्याच वयाची नकोत, नाहीतर गुडघे सगळ्यांचे एकदमच जातात. आमच्या ग्रुपात दोन तिशीतली पोरं आहेत, रोज सकाळी नऊपर्यंत प्रत्येकानं एक मेसेज टाकायचा, नाही आला तर फोन, फोन नाही उचलला तर किल्ली असलेला माणूस जातो.

आणि हे सगळे कागद लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार? मूळ प्रती नीट ठेवा, पण झेरॉक्सचं एक पाकीट दाराजवळ आणि फोटो मोबाईलमध्ये. त्या मित्राच्या पाकिटावर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'नातं: जोडीदार'.