स्थानिक मधमाश्या मोजताय? मग या चुका टाळा

स्थानिक मधमाश्यांसाठी लोक पुढे येतायत हे चांगलंच आहे, पण दर सीझनला नवीन मंडळी येतात आणि त्याच जुन्या चुका नव्या उत्साहाने करतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे फोटो काढायचा, ॲपने सुचवलेलं पहिलं नाव दाबायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या ग्रुपमध्ये एकाने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशीचा वरून काढलेला, हललेला फोटो टाकला, ॲपने नाव दिलं, याने ओके केलं आणि मित्राने न बघता सहमती दिली. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गातल्या नोंदी टाकायच्या ठिकाणी फोटो, तारीख, जागा असली आणि दोघांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड होऊ शकते, म्हणजे पुढे ती अभ्यासकांच्या हातात जाते. झालं! नकाशावरच्या त्या एका नोंदीच्या भरवशावर बाकीच्यांनीही तशी दिसणारी प्रत्येक माशी त्याच नावाने टाकली. शेवटी एका जाणकाराने सांगितलं, बाबांनो मिश्या (डोक्यावरच्या स्पर्शिका) बघा, ही मधमाशीच नाही, होव्हरफ्लाय आहे, म्हणजे मधमाशीसारखी दिसणारी दुसरीच माशी. मग एकेक नोंद उघडा, टाकणाऱ्याला मेसेज करा, त्यातले कितीतरी जण तोपर्यंत ॲप सोडून गेलेले.

मी बाजूने, तोंडासमोरून आणि पाठीवरून असे फोटो घेतल्याशिवाय नाव लिहीतच नाही. मधमाशीच्या मिश्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात, होव्हरफ्लायच्या आखूड, आणि तिचे डोळे जवळजवळ अख्खं डोकं व्यापतात. पंख मोजत बसू नका, मधमाशीला 4 असतात खरे, पण मागची जोडी पुढच्या जोडीला बारीक हुकांनी अडकलेली असते त्यामुळे फोटोत 2 च वाटतात. आणि जगात मधमाश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत, त्यातल्या कित्येक मायक्रोस्कोपशिवाय वेगळ्या सांगता येत नाहीत, तर गटापर्यंत ओळखून थांबलं म्हणून कुणाची इज्जत जात नाही.

दुसरी चूक म्हणजे शोभेचं बी हॉटेल, म्हणजे माश्यांना अंडी घालायला केलेलं भोकाभोकांचं घर. रेडीमेड आणायचं, दोरीने टांगायचं, फोटो टाकायचा आणि विसरायचं. टांगलेलं हॉटेल वाऱ्याने हलतं, प्लॅस्टिकच्या नळ्यांत ओल धरते आणि बुरशी येते, आणि भोकं पुरेशी खोल नसतील तर नरच जास्त निघतात, कारण एकट्या राहणाऱ्या या माश्या माद्यांची अंडी आत आणि नरांची तोंडाशी घालतात. साधारण 15 सेंटिमीटर खोल, 3 ते 10 मिलिमीटर रुंद, मागून बंद अशी भोकं हवीत, आणि ते हॉटेल सकाळचं ऊन येईल अशा जागी घट्ट बसवा. आत कागदी नळी घातली तर ती बदलता येते. हे दरवर्षी करायचा कंटाळा असेल तर हॉटेल लावूच नका, गर्दीच्या घाणेरड्या हॉटेलात परजीवी आणि माइट्स (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) मजेत वाढतात.

तसंही बहुतेक स्थानिक माश्या जमिनीतच घर करतात. बागेत सगळीकडे मल्च (माती झाकायचा पालापाचोळ्याचा थर) टाकून मग "माश्या का येत नाहीत" विचारणाऱ्यांनी आधी उन्हातला एखादा मोकळा तुकडा सोडावा, आणि तिथे खणू नये.

माश्या वाचवायच्या म्हणून पाळीव मधमाश्यांची पेटी आणणं: नको. मधासाठी पाळा, खुशाल पाळा, पण एका पेटीत हजारो कामकरी असतात, त्या त्याच फुलांवर जातात आणि फुलांवरूनच त्यांचे व्हायरस रानटी माश्यांपर्यंत पोचू शकतात.

माशी दिसली नाही म्हणून नोंदच न करणं: शून्य हासुद्धा आकडाच आहे, लिहा. ब्रिटनमधल्या फिट काउंट या फुलांवरचे कीटक मोजायच्या उपक्रमात 50 सेंटिमीटरच्या चौकोनातल्या फुलांवर 10 मिनिटं नजर ठेवतात, आणि काही आलं नाही तरी फॉर्म भरतात. 4 मिनिटांत कंटाळून दुसऱ्या झाडाकडे पळणाऱ्यांनी मोजणी करू नये, नुसती फुलं लावावीत.

कीटकनाशक फवारलेली रोपं आणून "माश्यांची बाग" करणं: विकणाऱ्याला आधी विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर मी तरी ते रोप घेत नाही, बियांपासून लावतो.