आंब्याचा धंदा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा जिवंत ठेवायचा

कोकणातून डायरेक्ट पेट्या पाठवणारे आता गल्लोगल्ली झालेत, प्रत्येकाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यातले बहुतेक मार्चमध्ये रेटचा फोटो पडला की लोक म्यूट करून टाकतात. कारण सरळ आहे, तिथे फक्त दुकानदार बोलतो. गिऱ्हाईकं एकमेकांशी बोलायला लागली तरच तो ग्रुप, नाहीतर नुसतं पत्रक.

आधी सेटिंगचं उरकून घेऊ. रेट, डिस्पॅचची तारीख, गाडी कधी पोचणार हे ब्रॉडकास्टवर टाका, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळे पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगायचं. ग्रुप वेगळा, तो गप्पांना. लिमिट 1024 ची आहे म्हणून तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही, शे-दीडशे नेहमीची माणसं पुरे. कोणाला न विचारता अ‍ॅड करू नका, लिंक पाठवा, यायचं तो येईल. आणि ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे विसरू नका, एखादा ताई-मावशींना पर्सनलवर मेसेज करत असेल तर कितीही मोठं गिऱ्हाईक असो, त्याच दिवशी बाहेर. गुड मॉर्निंग, राजकारण, फॉरवर्ड बंद, हे डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळीत लिहून टाका.

आता खरी मेहनत. आंबा विकायचा मार्च ते मे, पण ग्रुप सुरू करायचा नोव्हेंबर-डिसेंबरात, मोहोर येतो तेव्हा. थंडी पडली का, तुडतुडे (मोहोरावरची कीड) किती, फवारणी कितवी चालू आहे, अवकाळी पावसाने मोहोर गळला का, सगळं बागेतून टाकत राहा, भारी कॅमेरा नको, साधा मोबाईल, मागे कामगारांचा आवाज आला तरी चालेल. याचा फायदा मार्चमध्ये कळतो, पहिला मोहोर गेलेला लोकांनी स्वतः बघितलेला असतो त्यामुळे डझनाचा भाव ऐकून कोणी "एवढे कसे?" करत नाही. केलंच कोणी, तर ग्रुपमधलाच दुसरा कोणीतरी समजावतो.

"ओरिजिनल आहे ना?" हा प्रश्न तर येणारच, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवतात हे सगळ्यांना माहितीये. त्यावर चिडायचं नाही. 2018 ला कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढेच जिल्हे, तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर सर्टिफिकेटचा फोटो ग्रुपमध्ये पिन करून ठेवा, विषय संपला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तक्रार. रात्री नऊला एखादी मावशी कापलेल्या आंब्याचा फोटो टाकते, वरून पिवळाधमक आणि आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा. साका. आपला हात आधी "मावशी पर्सनलवर बोलू" टाइप करायला जातो, तिथेच थांबा. उत्तर ग्रुपमध्येच द्या: "मावशी, हा साका आहे, बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही, किती निघाले सांगा, तेवढे पुढच्या पेटीत जादा टाकतो." बास, लांब माफीनामा नको. मग दुसऱ्या दिवशी सावकाश सांगा की हापूसलाच हे जास्त होतं, उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीचा त्रास, झाडावर जास्त पिकू दिला तर वाढतो म्हणून आपण चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडा आधीच उतरवतो. शंभर लोकांनी ते बघितलेलं असतं, एवढी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. मेसेज डिलीट केलात तर मात्र स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरतो, तिथे तुम्ही उत्तर द्यायला नसता.

लोकांना बोलतं करायचं तर प्रश्न सोपा हवा. "तुमचा अभिप्राय कळवा" याला कुत्रं विचारत नाही. "पेटी आली की आंबे पेंढ्यात ठेवता की पेपरात?" विचारा, बघा कसे भांडतात. कोणी विचारलं की साठं (आंबापोळी) कसं घालायचं, तर तुम्हाला येत असलं तरी लगेच उत्तर देऊ नका, तास-दोन तास जाऊ द्या, कोणी ना कोणी काकू लिहितेच, ती पुढच्या वर्षी स्वतःहून चार गिऱ्हाईकं आणते. आमरसात साखर घालावी की नाही यावर दरवर्षी पेटतं, पेटू दे, फक्त कोणी वैयक्तिक उतरला की थांबवा.

ग्रुपवाल्यांना काहीतरी मान हवा. डिस्काउंट नको, त्याची सवय लागते. पहिल्या पेट्यांचं बुकिंग त्यांना दोन दिवस आधी उघडा, आणि मे अखेरीला माल कॅनिंगला जायच्या आधी थोडे रायवळ, बिटक्या असले गावठी आंबे फक्त ग्रुपमध्ये विका, ते पुण्या-मुंबईत सहज मिळत नाहीत.

जून ते ऑक्टोबर ग्रुप शांत असला तर असू दे. उगाच मिम टाकू नका. फणसपोळी, कोकम असलं घरचं काही असेल तर सांगा, नाहीतर महिन्यात एखादा बागेतल्या पावसाचा व्हिडिओ पुरे.